निसर्ग आणि भटकंतीचे फोटो इतरांना दाखवताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सह्याद्रीत, कोकणात, विदर्भाच्या जंगलांत हौसेने फोटो काढणारे आता घरोघरी आहेत. फोटो कसा काढावा हे शिकवणारे बरेच भेटतात. काढलेला फोटो चारचौघांपुढे कसा ठेवावा, यावर मात्र फारसं बोललं जात नाही. नव्याने या छंदात आलेली मंडळी जे पुन्हा पुन्हा विचारतात, त्याची उत्तरं इथे एकत्र केली आहेत.

माझ्याकडे फक्त मोबाइल आहे. त्यावरचे फोटो दाखवण्याजोगे असतात का?

असतात. फुलं, झाडं, ढग, गडाची तटबंदी, ओढा, कोळ्याचं जाळं, पानावर बसलेला नाकतोडा या सगळ्यासाठी मोबाइल पुरतो. पावसाळ्यातला घाट तर मोबाइलवर छान येतो, कारण ढगाळ प्रकाश मऊ असतो आणि सावल्या काळ्या पडत नाहीत. अडतं ते लांबच्या पक्ष्यांपाशी. बोटांनी झूम करून काढलेला बगळा म्हणजे पांढरा ठिपका. तिथे पक्ष्याचा हट्ट सोडून त्याच्या तळ्याचा फोटो काढा. भिगवणला उजनीच्या पाणलोटात पहाटेचं धुकं, मासेमारीच्या होड्या आणि दूरवर रोहित पक्ष्यांची गुलाबी रेघ, एवढं मोबाइलमध्ये नीट येतं आणि जागेची खरी ओळखही करून देतं.

एका सहलीत शेकडो फोटो निघतात. दाखवायचे किती?

आठ-दहा. सगळे तुम्हाला प्रिय असले तरी बघणाऱ्याला चौथ्या सारख्याच सूर्यास्तानंतर काही दिसेनासं होतं. घरी आल्यावर लगेच निवड करू नका. आठवडाभर जाऊ द्या, चढणीचा थकवा आणि पोहोचल्याचा आनंद ओसरू द्या, मग बघा. जो फोटो तुमच्या आठवणीच्या आधाराशिवाय उभा राहतो तो ठेवा. एकाच कड्याचे पाच फोटो टाकण्यापेक्षा कडा, कड्यावरचं गवत, पायथ्याचं गाव आणि वाटेतलं टाकं असे वेगवेगळे टाकले तर न आलेल्या माणसालाही ती वाट कळते.

फोटोखाली काय लिहायचं? नुसता फोटो बोलत नाही का?

थोडाफार बोलतो. पण तारीख सांगत नाही, आणि निसर्गाच्या फोटोत तारीख फार मोलाची असते. "मॉर्निंग व्हाइब्ज" लिहून टाकलेल्या फोटोतून दहा वर्षांनी कुणालाच काही मिळणार नाही. त्याच फोटोखाली "कारवी, पूर्ण बहर, सप्टेंबरचा दुसरा आठवडा, जावळी तालुका" असं लिहिलं असेल तर ती नोंद झाली. कारवी साधारण सात वर्षांनी एकदा फुलते आणि बी धरून मरते. कुठल्या डोंगरावर कुठल्या वर्षी फुलली हे जुळवायला असे तारीखवार फोटो फार उपयोगी पडतात.

जून २०२० मध्ये लोणार सरोवराचं पाणी गुलाबी झालं तेव्हा लोकांनी काढलेले फोटो देशभर फिरले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने पाण्याचे नमुने तपासले आणि खारट पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे तो रंग आल्याचं सांगितलं. कारण प्रयोगशाळेत सापडलं. पण पाणी कधी रंगायला लागलं, कुठल्या काठाला आधी, रंग कधी ओसरला, हे सांगू शकतात ते काठावरून तारखेसह काढलेले साधे फोटो.

म्हणून निदान एवढं लिहा: काय आहे, केव्हा पाहिलं, कुठला तालुका किंवा जिल्हा, आणि ते काय करत होतं. शेवटची गोष्ट बहुतेक जण विसरतात. "खंड्या" यापेक्षा "खंड्या, चोचीत खेकडा, फांदीवर आपटत होता" हे कितीतरी भरीव आहे. फोटो धूसर असला तरी चालेल. पक्षीनिरीक्षक ज्याला रेकॉर्ड शॉट म्हणतात, म्हणजे सुंदर नसलेला पण ओळख पटवणारा फोटो, त्याचं मोल मी कधीच कमी मानत नाही.

फुलाचं किंवा पक्ष्याचं नाव माहीत नसेल तर?

"ओळख हवी" असं सरळ लिहा. अंदाजाने ठोकलेलं नाव पुढे दहा जण उचलतात आणि ते पुसणं जड जातं. काढतानाच पुढच्या ओळखीची सोय करा: फूल समोरून आणि बाजूने, पान वरून आणि खालून, शिवाय पूर्ण झाड. फुलपाखराचे पंख मिटलेले आणि उघडलेले, दोन्ही. कासच्या सड्यावर, म्हणजे खडकाळ पठारावर, सीतेची आसवं, गेंद, सोनकी, तेरडा ही मंडळी चटकन ओळखू येतात, पण तेरड्याच्याच अनेक जाती आहेत आणि नुसत्या पाकळ्यांवरून त्या सुटत नाहीत. आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर फोटो चढवला की आधी यंत्र सुचवतं आणि मग माणसं तपासतात. यंत्राची सूचना अंतिम धरू नका, जाणकाराची सही होईपर्यंत थांबा. पक्ष्यांसाठी ईबर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर त्या दिवशीची पूर्ण यादी करून तिला फोटो जोडता येतो. फेब्रुवारीतल्या चार दिवसांच्या जागतिक पक्षीगणनेत तुमच्या सोसायटीच्या आवारातल्या साळुंक्याही मोजल्या जातात. सुरुवात तिथून करा.

नेमकी जागा सांगायची की नाही?

या छंदातला सर्वांत अवघड प्रश्न हाच. वर मी म्हटलं की ठिकाण लिहा, आणि आता म्हणतो की जपून लिहा. दोन्ही खरं आहे. कितपत सांगायचं ते समोरच्या जिवाकडे बघून ठरतं.

कासला लाखो लोक जातात, तो पठाराचा भाग २०१२ पासून पश्चिम घाटाच्या जागतिक वारशात आहे, प्रवेशाची व्यवस्था आहे. "कास" लिहिल्याने तिथे नवीन काही बिघडत नाही. पण सातारा-कोल्हापूरच्या कमी माहितीच्या एखाद्या सड्यावर कंदीलपुष्प या दुर्मिळ रानफुलाची दहा-बारा रोपं सापडली आणि तुम्ही वाटेच्या खुणेसकट फोटो टाकला, तर पुढच्या रविवारी तिथे वीस जण गुडघे टेकून बसलेले असतील. सड्याच्या जांभ्या खडकावर मातीचा थर बोटभरही नसतो. फूल कुणी तोडलं नाही तरी आजूबाजूची रोपं तुडवली जातात.

तिबोटी खंड्याची गोष्ट कोकणात सगळ्यांना माहीत आहे. चिमणीएवढा, निळा-केशरी-जांभळा, नजर ठरणार नाही असा पक्षी. पावसाळ्यात ओढ्याकाठच्या मातीच्या दरडीत बीळ करून तो पिल्लं वाढवतो. बिळाची जागा एका ग्रुपवर पडली की दोन दिवसांत समोर कॅमेऱ्याच्या तिवयांची रांग लागते. पाली, कोळी, छोटे बेडूक चोचीत घेऊन आलेले आईबाप समोर माणसं बघून फांदीवरच थांबतात, आणि बिळात पिल्लं उपाशी राहतात. फोटोत मात्र ते थांबणं "सुंदर पोझ" म्हणून दिसतं.

रानपिंगळा या छोट्या घुबडाची कहाणीही लक्षात ठेवावी. १८८४ नंतर हा पक्षी खात्रीने कुणाला सापडला नव्हता. नोव्हेंबर १९९७ मध्ये तो आजच्या नंदुरबार जिल्ह्यात शहाद्याजवळ पुन्हा दिसला. शंभराहून अधिक वर्षांनी हाती लागलेल्या जिवाचा नेमका खांब आणि नेमकी फांदी जगाला सांगायची गरज नसते. जिल्हा पुरतो. आंबोलीचा भेक हा बेडूक तर फक्त आंबोलीच्या परिसरातलाच. तिथे "आंबोली" म्हणा आणि थांबा.

माझा नियम साधा आहे. जीव दुर्मिळ असेल, घरट्यावर असेल किंवा तस्करीत विकला जाणारा असेल, तर जिल्ह्याच्या पुढे जायचं नाही. अभ्यासकाने किंवा वन विभागाने विचारलं तर त्यांना खाजगीत सगळं द्यायचं. आयनॅचरलिस्ट संकटग्रस्त जातींची जागा आपोआप सुमारे २० किलोमीटरच्या चौकोनात धूसर करतं आणि बाकीच्यांसाठी तुम्हालाही तो पर्याय देतं. ईबर्डही संवेदनशील जातींची नेमकी ठिकाणं लपवतं. नोंद पूर्ण राहते, पत्ता उघडा पडत नाही.

मी जागा लिहिलीच नाही. तरी ती कळू शकते का?

हो. मोबाइलमध्ये लोकेशन सुरू असेल तर अक्षांश-रेखांश फोटोच्या फाइलमध्येच लिहिले जातात. व्हॉट्सअ‍ॅपवर साधा फोटो पाठवला तर ही माहिती गळून जाते, पण "चांगल्या क्वालिटीसाठी" तोच डॉक्युमेंट म्हणून पाठवला की जशीच्या तशी जाते. ड्राइव्हची लिंक दिली तरी तेच. संवेदनशील फोटो पाठवण्याआधी प्रत काढून तिच्यातलं लोकेशन पुसा, मूळ फाइलमध्ये राहू द्या. फोटोतली मागची टेकडी, देवळाचा कळस, मैलाचा दगड यांवरूनही जाणकार जागा ओळखतात, तेव्हा क्रॉप करताना तेही बघा.

घरट्याचे, अंड्यांचे, पिल्लांचे फोटो टाकावेत का?

माझ्या मते टाकू नयेत, आणि शक्यतो काढूही नयेत. पान बाजूला सारलं की घरट्यावरची सावली जाते आणि कावळ्याला ते दिसतं. शिवाय १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यातल्या "शिकार" या व्याख्येतच वन्य पक्ष्यांची किंवा सरपटणाऱ्या प्राण्यांची अंडी अथवा घरटी विचलित करणं येतं. खिडकीतल्या कुंडीत बुलबुलाने घरटं बांधलं असेल तर खोलीच्या आतून, पडद्याआडून, फ्लॅश न वापरता एखादा फोटो काढायला हरकत नाही.

मोबाइलवर पक्ष्याचा आवाज (कॉल) वाजवून किंवा खाद्य ठेवून पक्षी जवळ आणला तर काय बिघडतं?

विणीच्या काळात नराला वाटतं की आपल्या हद्दीत दुसरा नर घुसला. तो खाणं सोडून भांडायला येतो. रोज येणारा प्रत्येक जण कॉल वाजवू लागला तर तो पक्षी दिवसभर न दिसणाऱ्या शत्रूशी झुंजत राहतो. आंबोलीत रात्रीच्या पावसात बेडूक उचलून "चांगल्या" पानावर ठेवणं, चापडा या विषारी सापाला काठीने सरळ करणं हेही त्यातलंच. बेडकाची कातडी श्वास घेते, आणि आपल्या हाताला डास पळवणारं मलम लागलेलं असतं. असे फोटो कितीही देखणे असले तरी त्यांना दाद देऊ नका. दाद मिळते म्हणून ते काढले जातात.

एडिटिंग किती चालतं? काजव्यांचे ते झगमगणारे फोटो खरे असतात का?

उजेड, रंगांचा समतोल, थोडं क्रॉप यात काही गैर नाही. रॉ फाइल, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न करता साठवलेला मूळ फोटो, तर प्रक्रिया केल्याशिवाय फिकीच दिसते. पण पक्ष्यामागची तार पुसली, दुसऱ्या दिवशीचा चंद्र आणून बसवला किंवा कृत्रिम बुद्धिमत्तेने पार्श्वभूमी बनवली, तर ते फोटोखाली लिहायलाच हवं.

मेअखेरीपासून पाऊस बसेपर्यंत भंडारदरा, पुरुषवाडी, राजमाची भागात काजवे लखलखतात. त्यांचे बरेच फोटो म्हणजे तिवईवर कॅमेरा ठेवून टिपलेले अनेक फोटो एकावर एक रचलेले असतात. ही मान्य पद्धत आहे, त्यात लबाडी नाही. पण ते न सांगितल्यामुळे लोक प्रत्यक्षात तसंच दिसेल या अपेक्षेने जातात, आणि तसं दिसत नाही म्हणून विजेऱ्या मारतात, गाड्यांचे दिवे लावतात. काजव्यांचा सगळा संवाद अंधारावर चालतो. तुमच्या फोटोखालची "अनेक फोटो एकत्र केले आहेत" ही ओळ त्यांच्या उपयोगी पडते.

लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमच्या वन्यजीव छायाचित्र स्पर्धेत २००९ च्या विजेत्याचं पारितोषिक काढून घेतलं गेलं, कारण फोटोतला लांडगा बहुधा पाळीव होता. २०१८ मध्ये आदल्या वर्षीचा एक विजेता फोटो बाद झाला, त्यातलं मुंगीखाऊ पेंढा भरलेलं असल्याचा निष्कर्ष निघाला म्हणून. पिंजऱ्यातला, बचाव केंद्रातला किंवा प्राणिसंग्रहालयातला प्राणी असेल तर तसं लिहा. त्याने फोटो हलका होत नाही.

सफारीत वाघ दिसला. फोटो टाकताना काय पाळू?

आधी काढताना पाळा. ३१ डिसेंबर २०२४ ला उमरेड-करांडला अभयारण्यात पर्यटकांच्या गाड्यांनी एका वाघिणीची आणि तिच्या पिल्लांची वाट दोन्ही बाजूंनी अडवली. त्याची चित्रफीत पसरली आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली. चालकाला "अजून पुढे घ्या" म्हणू नका. त्याच्यावरचा दबाव मागच्या सीटवरूनच येतो. ताडोब्याच्या गाभा क्षेत्रात मोबाइलला मनाई आहे आणि ती योग्यच आहे. टाकताना आजचा वाघ आजच्या आज, पाणवठ्याच्या नावासकट टाकू नका. दोन आठवड्यांनी टाकलात तरी तो तेवढाच देखणा असतो. आणि रानगवा, रानकुत्री, मोहाचं झाड यांनाही जागा द्या. ताडोबा म्हणजे नुसता वाघ नव्हे.

वेळासला कासवांची पिल्लं बघायला जातोय. फ्लॅश?

अजिबात नाही. पिल्लं समुद्रावरच्या उजेडाच्या दिशेने चालतात, दुसरा उजेड त्यांना भरकटवतो. दोरीच्या मागे राहा आणि स्वयंसेवक सांगतील ते ऐका.

वाटेत भेटलेल्या माणसांचे फोटो टाकता येतात का?

विचारून काढा आणि विचारूनच टाका. या दोन वेगळ्या परवानग्या आहेत. वारीत रिंगण, पालखी, दिंडीची लांबच लांब ओळ ही सार्वजनिक दृश्यं आहेत. पण ओढ्यावर अंघोळ करणारी बाई किंवा थकून पाय चेपत बसलेले आजोबा हे त्यांचे खाजगी क्षण आहेत. आदिवासी पाड्यावरच्या उघड्या पोराचा फोटो "निरागस हास्य" म्हणून टाकताना आपल्या सोसायटीतल्या मुलाचा तसा टाकला असता का, हे स्वतःला विचारा. लहान मुलांच्या बाबतीत आईबापांचा होकार हवाच. ज्याने फोटो काढू दिला त्याला तो पोचवा. छापून पाठवला तर उत्तम. गावात एकाकडे तरी व्हॉट्सअ‍ॅप असतंच.

गड, लेणी आणि ड्रोन यांचे नियम काय?

भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या बहुतेक स्मारकांत हौशी फोटोग्राफी चालते. अजिंठ्याच्या लेण्यांत फ्लॅश चालत नाही, कारण रंग नाजूक आहेत. तिवईसाठी वेगळी परवानगी लागू शकते, दारावरच विचारा. ड्रोनला २०२१ चे ड्रोन नियम लागू होतात. उडवण्याआधी डिजिटल स्काय नकाशावर ती जागा हिरव्या, पिवळ्या की लाल क्षेत्रात येते ते बघा. अभयारण्यात वन विभागाच्या परवानगीशिवाय ड्रोन नाही. सह्याद्रीच्या कड्यांवर गिधाडं आणि ससाणे घरटी करतात, त्यामुळे परवानगी असली तरी विणीच्या काळात कड्याला लागून उडवू नये.

माझा फोटो कुणी न विचारता वापरला. काय करू?

फोटो काढला त्या क्षणी हक्क तुमचा झाला, नोंदणीची गरज नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात २०१२ साली दुरुस्ती झाली आणि तेव्हापासून छायाचित्राचा हक्क छायाचित्रकाराच्या हयातीत आणि पुढे ६० वर्षं राहतो. पैसे घेऊन कुणासाठी काम म्हणून काढलेला फोटो याला अपवाद असू शकतो. वेगळा करार नसेल तर तो काम देणाऱ्याचा ठरतो.

पहिलं पाऊल शांतपणे लिहिलेला निरोप: हा फोटो माझा, श्रेय द्या किंवा काढा. बहुतेक वेळा तेवढ्याने भागतं. नाही भागलं तर फेसबुक, इन्स्टाग्रामवर हक्कभंगाची तक्रार करता येते, आणि मूळ पूर्ण आकाराची फाइल हा तुमचा भक्कम पुरावा असतो. म्हणून ती सहजासहजी कुणाला देऊ नका. फोटोच्या छातीवर मोठं नाव छापणं मला पटत नाही. चोर ते पुसतो आणि सज्जनाला फोटो दिसत नाही. कोपऱ्यात बारीक नाव पुरे.

फोटो सगळ्यांना मोकळा द्यायचा असेल तर?

विकिमीडिया कॉमन्सवर चढवा. तिथे क्रिएटिव्ह कॉमन्सचा असा परवाना लागतो की श्रेय देऊन कुणीही, व्यवसायासाठीसुद्धा, वापरू शकेल. हे नीट समजून घ्या, कारण एकदा दिलेला परवाना मागे घेता येत नाही. त्या बदल्यात तुमच्या तालुक्यातलं हेमाडपंती देऊळ किंवा बाजारातली रानभाजी मराठी विकिपीडियावर दिसू लागते. वाघाचे फोटो तिथे भरपूर आहेत. कुर्डू, टाकळा, भारंगी यांचे स्वच्छ फोटो जास्त उपयोगी पडतील.

स्पर्धेत पाठवावेत का?

नियमावली शेवटपर्यंत वाचून. "आलेले सर्व फोटो आयोजकांच्या मालकीचे" असं लिहिलं असेल तर पाठवू नका. ती स्पर्धा नसून फोटो गोळा करण्याची युक्ती असते. दर्जेदार स्पर्धा मूळ रॉ फाइल मागतात आणि प्राण्याला त्रास देऊन काढलेले फोटो बाद करतात. २०२० मध्ये पनवेलच्या ऐश्वर्या श्रीधर यांच्या काजव्यांच्या फोटोला लंडनच्या त्याच स्पर्धेत गौरव मिळाला, तो भंडारदऱ्याचा होता. घराजवळचं जंगल वर्षानुवर्षं बघत राहणाऱ्याला तिथे जागा आहे.

टाकतो, पण फारसं कुणी बघत नाही. मन खट्टू होतं.

समजू शकतो. पण फोटो दाखवण्याची जागा म्हणजे फक्त मोबाइलचा पडदा नव्हे. गावातल्या शाळेला विचारा. "आपल्या गावातले पक्षी" म्हणून पंचवीस फोटो पडद्यावर दाखवले की पोरं एकेक पक्षी ओळखून ओरडतात आणि तुम्हाला माहीत नसलेली नावं सांगतात. वाचनालयाची भिंत, ग्रामपंचायतीचं दिनदर्शिकेचं पान, देवळाच्या जत्रेतला एक मंडप, दिवाळी अंक, सगळीकडे जागा मिळते. छापायला देताना ए-फोर आकारासाठी निदान २४८० बाय ३५०८ पिक्सेल हवेत. व्हॉट्सअ‍ॅपवरून साध्या पद्धतीने आलेला फोटो साधारण १६०० पिक्सेलचा असतो आणि छापल्यावर फुटतो, तेव्हा मूळ फाइलच वापरा.

इतके फोटो जपून कसे ठेवायचे?

तीन प्रती: एक संगणकात, एक वेगळ्या हार्ड डिस्कवर, एक घराबाहेर, म्हणजे क्लाउडवर किंवा भावाकडे. फोल्डरचं नाव वर्ष, महिना, ठिकाण या क्रमाने द्या, "२०२५-०९ कास" असं. सहलीहून आल्यावर कार्ड लगेच पुसू नका. तिन्ही प्रती उघडून बघा, मगच पुसा.